रक्त माझं, बोभाटा दारूचा

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती ऐकून घ्यायला लोकांनी मला फार वाट पाहायला लावली. मी दारू पीत नाही. कधी प्यालो नाही, चाखलीसुद्धा नाही. आजारानं पार मोडून टाकल्यावर प्यावी असं खरंच वाटलं, तेव्हाही प्यालो नाही.

मी एसटीत कंडक्टर. गाव राळेगाव तालुक्यातलं. बायको संगीता अंगणवाडीत मदतनीस, एक मुलगी, आणि माझे वडील. मोठ्या आतड्याच्या ज्या आजारानं मला धरलं त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. आतड्याला आतून जखमा होतात, रक्त जातं, आणि संडासला कधी पळावं लागेल ते तुमच्या हातात राहत नाही. एवढं वैद्यकीय ज्ञान पुरे. बाकीचं पुस्तकात मिळेल. मी लिहितोय ते अशा माणसासाठी, जो आज कुठल्यातरी बसस्टँडच्या संडासात कडी लावून बसलाय आणि बाहेरून कुणीतरी दार बडवतंय. दार बडवणाऱ्यानं वाचलं तरी चालेल.

रस्त्यावरचं पोट

सुरुवात कापूस वेचणीच्या दिवसांत झाली. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी यायचं ते सगळ्यांना माहीत आहे. पण गाड्या धावतच होत्या. सकाळच्या फेरीला कमरेला ओढणी बांधलेल्या वेचणाऱ्या बाया गाडीत अशा दाटायच्या की तिकीट फाडायला कोपर हलवता येत नसे.

पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा मी घाबरलो नाही. मूळव्याध असेल म्हटलं. गावाजवळच्या डॉक्टरनं न तपासताच मलम दिलं, वर एक सुई टोचली. मलमानं काही झालं नाही. महिना-दोन महिन्यांत अशी गत झाली की पोटात कळ उठली की मला मिनिटभरसुद्धा सवड मिळेना. कंडक्टरचं काम काय असतं? गाडीच्या पोटात उभं राहायचं. दोन्हीकडून माणसं, हातात पैसे, खांद्यावर बॅग, आणि पुढचं गाव अजून दूर.

माझा ड्रायव्हर होता देवरावभाऊ. माझ्याहून मोठा, कमी बोलणारा. पहिल्या दिवशी मी जाऊन त्याच्या कानात म्हटलं, "भाऊ, गाडी थांबव." त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि थांबवली. मी पाण्याची बाटली घेऊन तुरीच्या वावरात धावलो. परत आलो तर देवरावभाऊ खाली उतरून हातोडीनं टायर ठोकत होता. प्रवाशांना म्हणाला, "हवा पाहून राह्यलो. बसा." त्यानंतर मला सांगावं लागलं नाही. मी आरशात त्याच्याकडे पाहिलं की गाडी बाजूला लागायची आणि टायर ठोकले जायचे. आमच्या गाडीच्या टायरांइतकी काळजी साऱ्या विभागात कुठल्याच टायरांची घेतली गेली नसेल.

पण सगळीकडे तूर उभी नसते. पेरणीआधी वावरं मोकळी असतात. अशा एका दुपारी मी एका बाभळीआड बसलो, आणि ती बाभूळ माझ्या अंगठ्याएवढी होती. गाडीतून दोन पोरं हसली. एक म्हातारी वेचणारी खिडकीतून ओरडली, "हसू नोका रे, तुमालेबी पोट आहे," आणि बाकीच्या बायांना म्हणाली, "तिकडे पाहा गं सगळ्या." सगळ्या बायांनी तोंडं फिरवली. मी गाडीत चढलो तेव्हा कोणीच माझ्याकडे पाहत नव्हतं. त्या म्हातारीचं नाव मला माहीत नाही. तिचे आभार मी इथं मानतो, कारण तिथं माझ्याच्यानं बोलवलं नाही.

निकाल लागला

तिकीट तपासणीला साहेब चढले तेव्हा मी गाडीत नव्हतो. स्टँडच्या संडासात होतो. तिथून बाहेर आलो तो नुकतीच उलटी झालेली, डोळे लाल, पाय लटपटत होते. साहेबांनी जवळ येऊन वास घेतला. उलटीचा वास होता. त्यांना दुसराच आला. "ड्युटीवर नशेत" असा रिपोर्ट गेला. मी म्हटलं, "साहेब, तपासून घ्या, आत्ता दवाखान्यात चला." ते म्हणाले, "तपासायचं काय आहे? थोबाड सांगते ना."

थोबाड सांगते. पुढची तीन-चार वर्षं माझ्या थोबाडानंच सगळं सांगितलं. माझ्या तोंडाचं ऐकायला कोणी मोकळं नव्हतं.

घरी बाबांनी मला त्याच मलमवाल्या डॉक्टरकडे नेलं. ते स्वतः सोबत आले. डॉक्टरनं माझे खपाटीला गेलेले गाल पाहिले, खोल गेलेले डोळे पाहिले आणि माझ्याशी नाही, बाबांशी बोलला. "बाबूजी, याले दारू सोडाले सांगा. आतडी जळून गेली याची. औषध देऊन काय फायदा?"

माझ्या बाबांना तुम्ही ओळखत नाही, म्हणून सांगावं लागतं. लहानपणी आपल्या बापाचं बोट धरून त्यांनी धम्मदीक्षा घेतली. दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा इतरांनी म्हटली, बाबांनी ती पाळली. त्यांचा धाकटा भाऊ, माझा काका, दारूनंच गेला. रक्ताच्या उलट्या करत घरात गेला, बाबांच्या मांडीवर. त्यानंतर बाबांनी आमच्या वस्तीतले गुत्ते बायांना सोबत घेऊन बंद पाडले. हातभट्टीवाल्याचं मडकं त्यांनी स्वतः फोडलं आणि त्याबद्दल मारही खाल्ला. अशा माणसाला सांगितलं की तुझ्या पोराची आतडी दारूनं जळाली.

डॉक्टरच्या दारात मी म्हटलं, "बाबा, मी पीत नाही."

ते म्हणाले, "तुहा काकाबी असंच म्हने."

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. घर तेच, ओसरी तीच. काही सांगायचं असलं तर माझ्या मुलीला सांगायचे, "बापाले म्हन." मी समोर उभा असताना.

त्या डॉक्टरवरचा माझा राग अजून गेलेला नाही. जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे. त्याला माहीत नव्हतं, हा गुन्हा नाही. माहीत नाही म्हणायला त्याला किती वेळ लागला असता?

"काय घेतलं?"

फवारणीच्या हंगामात मी घरातच कोसळलो. ताप, उलट्या, खाली रक्त. संगीतानं जीपगाडी केली आणि मोठ्या दवाखान्यात आणलं. तिथं स्ट्रेचरवर असतानाच एका तरुण डॉक्टरनं माझ्या गालावर चापट्या मारल्या. "काय घेतलं? कोणतं औषध? नाव सांग."

आमच्याकडे औषध म्हणजे फवारणीचंही. त्या दिवसांत रोज कुणीतरी ते पिऊन यायचं, म्हणून डॉक्टरचं तोंड तोच प्रश्न घेऊन तयार असायचं. मी म्हटलं, "काही नाही घेतलं. आतड्यातून रक्त जाऊन राह्यलं, लई दिवसांपासून." त्यानं संगीताकडे पाहिलं. "घरी भांडण झालं का?"

संगीता म्हणाली, "नाही झालं जी. याईले आजार आहे."

"सगळ्या असंच सांगतात."

नाकातून नळी गेली. पोट धुतलं. आधीच उलट्या करून रिकाम्या झालेल्या पोटातून काय निघणार होतं? नंतर शिपाई आला, जबाब घ्यायला. बायकोवर संशय आहे का, कुणी त्रास देतं का. मी रडत होतो ते दुखण्यानं नव्हे. मला त्याच्या हातातलं पेन हिसकून घ्यावंसं वाटत होतं आणि हातात ताकद नव्हती.

शेजारच्या खाटेवर रामदास नावाचा एक मजूर होता. दुसऱ्याच्या वावरात फवारताना वारा फिरला आणि सगळं त्याच्या अंगावर आलं. त्याला नीट दिसत नव्हतं, हात थरथरत होते. त्यालाही तेच विचारून झालं होतं. काय पेला? कायले पेला? तो आपला एकच सांगत होता, "फवारून राह्यलतो, साहेब." कागदावर मात्र पिलेल्यांच्याच रांगेत त्याला घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी थोडं बरं वाटल्यावर तो माझ्या दिशेनं तोंड करून म्हणाला, "भाऊ, तुमी काय घेतलतं?"

"काहीच नाही. मले दारूडाबी म्हणतात. तेबी नाही."

तो मग म्हणाला, "तुमी म्हणता त नसन घेतलं."

एवढंच. डोळ्यांना नीट दिसत नसलेल्या माणसानं माझं थोबाड पाहिलं नाही, म्हणून बहुतेक त्याला ऐकू आलं. मी कुशीवर वळलो आणि खूप वेळानं झोपलो.

नाव मिळालं

त्या मोठ्या दवाखान्यातून पुढं नागपूरला पाठवलं, आणि तिथं दुर्बिणीची तपासणी झाली. ती कशी असते ते लिहीत नाही. लाज त्या खोलीच्या बाहेर ठेवून जा, तिथं तिचं काही काम नाही, एवढंच सांगतो. पोटाच्या डॉक्टरांनी पडद्यावर माझं आतडं दाखवलं. लाल, सोललेलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, कागदावर मराठीत लिहून दिलं. हा आजार मुळातून जात नाही, औषधानं दबवून ठेवावा लागतो, आणि दबला नाही तर आतडं काढावं लागतं, असंही सांगितलं.

लोक म्हणतात निदानाच्या दिवशी पायाखालची जमीन सरकते. माझ्या पायाखाली त्या दिवशी जमीन आली. मी विचारलं, "हे दारूनं होते का, सर?"

"नाही. कोण म्हणालं?"

कोण नाही म्हणालं ते सांगितलं असतं तर लवकर संपलं असतं.

आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मग राग आला, असा की जेवणाचं ताट मी सरकवून दिलं. एवढी वर्षं गेली होती. डेपोत चौकशी चालली होती. बाप बोलत नव्हता. मुलीला शाळेत पोरी विचारत होत्या, तुझे बाबा कोणती पितात. आणि उत्तर एका खोलीत, एका पडद्यावर, एवढ्या जवळ होतं.

डब्या

त्याच दवाखान्यात पहिल्यांदा संशोधनवाल्या मॅडम भेटल्या. डॉ. नीलिमा. "मी तुमच्यावर उपचार करणारी डॉक्टर नाही," त्यांनी आधीच सांगितलं. शरीर स्वतःची राखण कसं करतं याच्या त्या अभ्यासक. आतड्यातले जंतू आणि शरीराची राखण करणाऱ्या पेशी यांचं एकमेकांशी काय चालतं, यावर त्यांचं काम होतं. माझ्यासारख्यांची विष्ठा, रक्त आणि दुर्बिणीतून काढलेला आतड्याचा बारीकसा तुकडा त्यांना हवा होता. मी सही केली. तेव्हा मला कोणी काही मागतंय याचंच अप्रूप वाटलं होतं.

दर भेटीला एक पांढरी डबी हातात यायची. मी भरून द्यायचो. मॅडमचा मदतनीस ती बर्फाच्या पेटीत ठेवायचा. गोळ्या चालू होत्या. स्टेरॉइडनं तोंड सुजून चंद्रासारखं झालं, तर गावात नवीन बातमी पसरली की आता इंग्लिश पितो. मी दर वेळी विचारायचो, "मॅडम, माझं काय निघालं?"

"काम चालू आहे. एकेका माणसाचा निकाल आम्ही देत नाही."

बऱ्याच डब्यांनंतर एकदा माझा तोल सुटला. ओपीडीच्या बाकावर माणसं बसलेली होती. मी डबी टेबलावर आपटली. "तुमी माह्या पोटातलं घेऊन जाता. रक्त नेलं, आतडं नेलं. मी लहान होतो तेव्हा आमच्या आजीले लोक राबवून घेत आणि तिचं नावबी इचारत नसत. तुमचं तसंच आहे. मी काय खत टाकायचा खड्डा आहो का?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांना राग आला होता हे दिसलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला थांबायचं असेल तर थांबू शकता. सहीत ते लिहिलंय."

"थांबाचं नाही. समजाचं आहे."

त्यांनी डबी उचलून घेतली, स्वतः.

घरातलं

आजारी माणसाच्या घरच्यांविषयी लोक गोड गोड लिहितात. आमच्या घरात गोड काही नव्हतं. संगीता माझे कपडे वेगळे धुवायची, नाकाला पदर लावून. तो पदर पाहून मला चीड यायची. भाजीत तिखट पडलं की मी भांडायचो, न पडलं की बाबा जेवायचे नाहीत. एकदा मी वरणाची वाटी फेकली. भिंतीवर पिवळा ओघळ आला.

संगीता ती वाटी उचलत म्हणाली, "तुमचा राग माह्यावर काढू नोका. माह्याजवळ माहा आहे. तुमी रडता त लोक पाणी आणून देते. मी अंगणवाडीत लेकरायले उसळ वाढतो, घरी येतो, चादरी धुतो, आन् बाया मले सांगते, नवऱ्याची दारू सोडाची माळ कुठी भेटते."

 मग दोघांनी मिळून भिंत पुसली. त्यानंतर आम्ही एक ठरवलं: राग आला तर ज्याचा आला त्याचं नाव घ्यायचं. डॉक्टरचा आला तर डॉक्टरचं, साहेबाचा आला तर साहेबाचं. आजारी माणसाला आणि त्याच्या बायकोला माझ्याकडून हा एकच उपदेश. औषधापेक्षा स्वस्त आहे आणि बरा लागू पडतो.

बाबांचं नाव मात्र ती घ्यायची नाही, आणि मीही नाही.

काढून टाका

औषधं थकली. माझं वजन इतकं उतरलं की युनिफॉर्मच्या पँटला सुतळी बांधावी लागली. शेवटी पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं, मोठं आतडं काढावं लागेल. पोटाला उजवीकडे एक तोंड करतील, त्यावर पिशवी लावायची, मळ त्यात जमा होईल. मी विचारलं, "गाडीवर जाता येईल का?" ते म्हणाले, जाता येईल. मी म्हटलं, मग काढून टाका. डॉक्टर थोडे दचकले. त्यांना वाटलं असेल हा रडेल. ज्या आतड्यानं मला बाभळीआड बसवलं त्याच्यासाठी कशाला रडू?

भीती मात्र होती.  ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉ. नीलिमा आल्या. या वेळी एकट्या, हातात डबी नाही. खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, काढलेल्या आतड्याचा भाग संशोधनासाठी मिळाला तर फार मोलाचं होईल. "नाही म्हणालात तरी ऑपरेशनवर काही परिणाम होणार नाही," हेही सांगितलं.

मी म्हटलं, "देतो. पण एक अट आहे. काय दिसलं ते तुमी माह्या घरी येऊन सांगाचं. मराठीत. माह्या बाबासमोर."

"मी आजवर असं कुणाच्या घरी गेलेले नाही."

"मीबी आजवर कोणाले आतडं देलं नाही."

त्या हसल्या नाहीत.  मग म्हणाल्या, "येईन. पण मला जे माहीत नाही ते माहीत नाही असंच सांगणार."

"मले तेच पाह्यजे," मी म्हटलं. "तेवढंच कोणी सांगत नाही."

ऑपरेशन झालं. जागा झालो तर पोटाला पिशवी होती. पहिल्या आठवड्यात मी तिच्याकडे पाहिलं नाही. नर्सबाईंनी एक दिवस माझा हात धरून तिच्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता ही तुमची. ओळख करून घ्या." ती गळायची, चामडी सोलायची, भलत्या वेळी आवाज करायची. पण कळ नव्हती. इतक्या वर्षांनी पोट शांत होतं, आणि ती शांतता ओळखायला मला बरेच दिवस लागले.

मॅडम आल्या

कपाशीची बोंडं फुटली होती तेव्हा मॅडम आल्या. एसटीच्या लालडब्यानं आल्या, फाट्यावर उतरून चालत. मला वाटलं होतं येणार नाहीत. संगीतानं चहा मांडला. बाबा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. पाहुण्या बाईला त्यांनी जयभीम घातला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मॅडम सुरुवातीला अडखळल्या. "असं समजा, पोट म्हणजे तुमची बस आहे, आणि प्रवासी..."

मी मधेच म्हटलं, "मॅडम, बसची गोष्ट नोका सांगू. बस मले समजते. पोटाची सांगा."

त्या थांबल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ बोलल्या. प्रत्येक माणसाच्या आतड्यात असंख्य जंतू राहतात. ते रोग करत नाहीत. अन्नातलं आपल्याला न पचणारं ते पचवतात, आतड्याचं अस्तर टिकवतात. आतड्यात शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशींचाही मोठा पहारा असतो. रोगाचा जंतू आला तर त्याला मारायचं आणि सोबत राहणाऱ्यांना राहू द्यायचं, हे या पेशींना जमावं लागतं. "तुमच्या मुलाच्या आतड्यात त्या सोबतच्या जंतूंवरच उठल्या होत्या. आणि त्या भांडणात आतडंच जळत होतं. मी तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिला. रोज थोडं जळत होतं, रोज थोडं भरून येत होतं, पुन्हा जळत होतं."

"काहून उठल्या?" मी विचारलं.

"माहीत नाही. काही अंगात जन्मतः असतं, काही बाहेरचं असतं. कुठलं बाहेरचं, ते आम्ही शोधतोय."

"फवारणीच्या औषधानं?"

"तो प्रश्न मलाही पडलाय. पुरावा नाही. नाही म्हणायलाही नाही."

मी बाबांकडे पाहत म्हटलं, "आन् दारूनं?"

बाबांनी मान वर केली.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "दारू वाईटच, पण हा आजार दारूचा नाही. यांचं लिव्हर अनेकदा तपासलंय, ते ठणठणीत आहे. काका, यांच्या हातून असं काहीच झालेलं नाही ज्यामुळे हे व्हावं. खाण्यात नाही, पिण्यात नाही, वागण्यात नाही."

बाबा माझ्याकडे वळले. मग कितीतरी वर्षांनी ते मला उद्देशून बोलले. "मंग हे तू मले पयले काहून नाही सांगतलं?"

मी म्हटलं, "सांगतलं, बाबा. त्या डॉक्टरच्या दारात सांगतलं. तवापासून सांगून राह्यलो."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना उठून जावंसं वाटलं असेल. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सूक्ष्मदर्शक पाहिलेली एक परकी बाई एका दुपारी येते, आणि माझा बाप तिचं ऐकतो. माझं तोंड त्याच्या घरात रोज होतं.

बाबांनी काठी घेतली आणि बाहेर गेले. मॅडमना सोडायला मी फाट्यापर्यंत गेलो. वाटेत त्या म्हणाल्या, "आम्ही कधी परत येऊन सांगत नाही. चूक आहे ती." मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "पुढच्या अभ्यासात फवारणी करणारे लोक घ्यायचेत. कोणाशी बोलावं लागेल?" मी त्यांना रामदासचं गाव सांगितलं. वर बजावलं, "पण त्याले आधी इचारा काय झालं ते, आन् तो सांगन ते लिहा."

विहारात

पुढच्या रविवारी वंदनेला मी गेलो नाही. टाके अजून ओढत होते, जमिनीवर बसवत नव्हतं. दुपारी संगीता घाईनं आली. वंदना झाल्यावर बाबा उठून उभे राहिले होते आणि सगळ्यांसमोर म्हणाले होते, "माह्या पोरानं कधी दारू घेतली नाही. मी त्याले दारूडा समजलो, तुमीबी माह्यामुळं समजले. चूक माही आहे." वस्तीतल्या काही बायांनी डोळे पुसले, असं संगीतानं सांगितलं. तिचेही ओले होते.

माझं डोकंच भणाणलं. सगळ्या वस्तीला सांगितलं, आणि मला नाही?

संध्याकाळी बाबा ओसरीवर आले तेव्हा मी समोर जाऊन उभा राहिलो. "विहारात काय बोलले?"

"खरं होतं ते बोललो."

"मले काहून नाही सांगत?"

ते जमिनीकडे पाहत होते. "तुले सांगाले तोंड नाही मले."

"नसू द्या. तरी सांगा."

घरात संगीताच्या हातातली भांडी थांबली. बाबांनी वर पाहिलं. म्हातारे झाले होते, आणि इतके दिवस त्यांच्याकडे नीट न पाहिल्यामुळे मला ते एकदम दिसलं. ते म्हणाले, "चुकलो, पोरा."

"जाऊ द्या, बाबा" असं माझ्या ओठांवर आलं होतं. आमच्यात तसं म्हणतात. बाप एवढं बोलला की पोरानं त्याचे पाय धरायचे आणि सगळं संपलं. मी ते गिळलं. म्हटलं, "हो. चुकले तुमी."

त्यांनी मान हलवली. उठून गेले नाहीत. मीही बाजूला टेकलो, कारण उभं राहून पोट ओढत होतं. आम्ही दोघं रस्त्याकडे पाहत बसलो. दिवस बुडत आला होता, आणि कापसाची एक गाडी खडखडत गेली.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "ती पिशवी दुखते का?"

"नाही. पण भरली की बदलावी लागते."

"तूच बदलतं?"

"मी बदलतो. कदी संगीता."

ते मग काठी भिंतीला लावून उठले, रांजणाशी गेले, साबण लावून हात कोपरापर्यंत धुतले आणि माझ्याजवळ येऊन बसले.

"दाखव," म्हणाले. "मले शिकव."

मी सदरा वर केला.